विहीर, पाळी आणि वाय-फाय

रात्रीचे साडेआठ. डोंबिवलीतला टू-बीएचके. हॉलमध्ये बाबांनी टीव्हीवर मॅच लावलीय, तीही फोर-केमध्ये. आतल्या खोलीत दादा ऑनलाइन गेमच्या ऐन धुमश्चक्रीत. ताईचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल चालू आहे, कारण तिकडे अमेरिकेत आत्ता कुठे सकाळ झालीय. आजी टॅबवर पंढरपूरचं थेट दर्शन घेत बसलीय. आईचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आहे आणि भाच्याच्या मुंजीचे चारशे फोटो त्यातून आपोआप क्लाउडवर चढतायत. तिला याची गंधवार्ताही नाही. तेवढ्यात ताईचा चेहरा स्क्रीनवर गोठतो.

"कोण नेट खातंय?"

"मी नाही," दादा म्हणतो. "बिल मी भरतो," बाबा. "माझी नोकरी आहे त्यावर," ताई. आजी काहीच बोलत नाही. विठोबाही मधेच थांबलाय आणि तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलंय.

असं घर डोळ्यांसमोर आणायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. भांडण मिटवण्याचा रुळलेला उपाय म्हणजे मोठा प्लॅन घेणं. शंभरचा दोनशे, दोनशेचा पाचशे. कंपनीचा माणूसही फोनवर तेच सुचवतो. पण कागदावर साधी बेरीज करून पाहावी. फोर-के चित्राला १५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो. एचडी व्हिडिओ कॉलला चार, आजीच्या दर्शनाला पाच. गेमला तर एखाद्या एमबीपीएसवर भागतं. त्याला वेगापेक्षा उत्तर झटपट येण्याची गरज असते. सगळं मिळून पंचविशीच्या घरात. घरात येणारी जोडणी शंभराची. म्हणजे चौपट पाणी असूनही नळावर भांडण आहे. मग पाणी आणखी वाढवून ते मिटेल कसं?

इथे प्रश्न तंत्राच्या हातातून निसटतो आणि फार जुन्या वळणावर येतो. एकच वस्तू आहे, तिचे तुकडे पडत नाहीत आणि तिच्यावर हक्क सांगणारे पाच जण आहेत. ती वाटायची कशी? भारतीय धर्मशास्त्रानं या प्रश्नावर बारकाईनं विचार केलेला आहे. त्याआधी एक प्रश्न मात्र उरतो: मुळात किती घ्यावं?

'पुरेसं' ही गोष्ट सरकारलाही सतत बदलावी लागली आहे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या डायल-अप सेवेतून. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं, याची सरकारी व्याख्या २००४ साली किमान २५६ केबीपीएस होती. २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये थेट २ एमबीपीएस. वीस वर्षांत गरजेचं माप आठपट वाढलं, आणि तरी ते डोंबिवलीच्या त्या घराच्या प्लॅनच्या पन्नासाव्या भागाएवढंच आहे. गरज कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते, याची रेघ आकड्यांनी मारता येत नाही.

जैन परंपरेनं ही अडचण ओळखली होती. साधूसाठी अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणं, संपूर्ण असतो. संसारी माणसाला ते झेपणार नाही, म्हणून श्रावकासाठी परिग्रह-परिमाण हे व्रत आहे: सगळं सोडू नको, पण आपल्यापुरतं माप आधी ठरव आणि त्यापलीकडे जाऊ नको. माप दुसऱ्यानं लादायचं नाही, स्वतःच बांधून घ्यायचं. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार'मध्ये आणखी एक उपयोगी भेद आहे. एकदा वापरली की संपते ती वस्तू भोगाची, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येते ती उपभोगाची, जसं वस्त्र. प्लॅनच्या जाहिरातीत नेमके हे दोन आकडे एकत्र कालवलेले असतात. महिन्याचा डेटा जीबीत मोजतात. तो भोग, वापरला की संपला. वेग एमबीपीएसमध्ये मोजतात. तो उपभोग, आज वापरला तरी उद्या तेवढाच. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच घरगुती योजनांत महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग घसरतो. पाच माणसांच्या घराला तिथवर पोचणं कठीणच. त्यामुळे भोगाची चिंता नाही. भांडण आहे ते उपभोगाचं, एकाच क्षणी एकाच धारेवर पडणाऱ्या पाच हातांचं.

त्यातही एक गंमत आहे. ज्याला बाबा 'आपलं नेट' म्हणतात ते मुळातच सामायिक असतं. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका काचतंतूतून खाली येणारा सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. मधे कुठेही वीज लागत नाही, फक्त प्रकाश फोडणारी एक डबी असते. वर जाणाऱ्या सव्वा गिगाबिटच्या वाटेवर तर प्रत्येक घराच्या यंत्राला ठरलेल्या क्षणीच बोलायची परवानगी असते. शेजारच्या विंगमधली माणसं एकमेकांना ओळखत नसतील; त्यांच्या घरची यंत्रं मात्र रात्रंदिवस एकमेकांची पाळी सांभाळत असतात.

घराच्या आतही तसंच आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसू लागलं होतं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटूनही झाले. त्यावर १९९४ मध्ये जी तोड सुचवली गेली तीच आज घरोघरी आहे. आतल्या प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता, आणि बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचा मिळून एक. राउटर दारात उभा राहून कोणाचं टपाल कोणाला द्यायचं याची वही ठेवतो. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात हेच काम करणाऱ्या माणसाला कर्ता म्हणतात. व्यवहार त्याच्या नावानं होतो, पण मिळकत त्याच्या एकट्याची नसते. 'बिल मी भरतो' या वाक्यातला पेच इथे आहे. भरणारा कर्ता झाला, म्हणून तो मालक झाला का?

कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. ही कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. वारसाहक्काच्या बाबतीत बंगालात जीमूतवाहनाचा 'दायभाग' चालला. महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागात मिताक्षरा. भाऊ वेगळे होताना काय वाटायचं हे सांगून झालं की शास्त्रकार 'अविभाज्य' वस्तूंकडे वळतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्यांची यादीच आहे: अंगावरचं वस्त्र, अलंकार, शिजलेलं अन्न, पाणी. पाणी म्हणजे पाण्याचा साठा, विहीर वगैरे, असं स्पष्ट करून मिताक्षरा सांगते की वाटेकऱ्यांच्या संख्येत विहीर बसत नसेल तर तिची किंमत करून ती वाटू नये. सगळ्यांनी पाळीपाळीनं वापरावी.

किंमत करून वाटू नये, हा भाग महत्त्वाचा. एका भावानं विहीर घ्यावी आणि बाकीच्यांना पैसे द्यावेत, हा मार्ग व्यवहाराला सोपा होता. शास्त्रानं तो नाकारला. तहान रोज नव्यानं लागते आणि एकदा मिळालेल्या पैशांनी ती रोज भागत नाही, असा अर्थ त्यातून काढता येतो. बाबांच्या वाक्याला याहून नेमकं उत्तर सापडणं अवघड आहे. बिल हा विहिरीचा खर्च झाला. पाळी ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा हिशेब पैशात होत नाही.

वाय-फायची रचना अक्षरशः पाळीवर उभी आहे. एका राउटरभोवतीची यंत्रं एकाच लहरीवर बोलतात, आणि साधारणपणे एका वेळी एकालाच बोलता येतं. यातल्या कल्पनेचं मूळ हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूनं १९७१ मध्ये बेटांमध्ये चालू केलेल्या रेडिओ जाळ्यात आहे. आजच्या वाय-फायमध्ये प्रत्येक यंत्र बोलण्याआधी कान देतं. कोणी बोलत असेल तर थांबतं. शांतता झाली तरी लगेच तोंड उघडत नाही. मनाशी एक आकडा धरून तेवढं मोजतं आणि मग बोलतं, म्हणजे दोघांनी एकदम सुरुवात करायला नको. सार्वजनिक नळावर असा शिष्टाचार पाळला जातो असं कोणी म्हणणार नाही.

पण समान पाळी म्हणजे समान न्याय नव्हे, हेही वाय-फायनंच दाखवून दिलं. ८०२.११जी या जुन्या पद्धतीचं उदाहरण सोपं आहे. राउटरजवळचा लॅपटॉप ५४ एमबीपीएसनं बोलतो. दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून पलीकडे असलेला जुना संगणक ६ नं. दोघांनाही आळीपाळीनं एकेक पाकीट पाठवायची संधी मिळते. १,५०० बाइटचं पाकीट पहिला सुमारे ०.२२ मिलिसेकंदांत संपवतो. दुसऱ्याला दोन मिलिसेकंद लागतात, म्हणजे नऊपट वेळ. बाकीचा वरखर्च सोडला तर दोघांच्याही पदरी सारखेच साडेपाच एमबीपीएस पडतात. जो ५४ नं धावू शकला असता तो सहाच्या चालीनं रांगतो.

यावर नव्या राउटरमध्ये दुसरा नियम घालतात: पाळी सारखी नको, वेळ सारखी द्या. मग जवळच्याला २७ आणि लांबच्याला ३. हाही समान वाटाच. पहिल्या नियमानं सगळे सारखेच गरीब होतात. दुसऱ्यानं एकूण माल वाढतो, पण लांबच्याच्या वाट्याचं निम्म्यावर येतं. समता कशाची मोजायची, हा राजकीय तत्त्वज्ञानातला जुना वाद आतल्या खोलीतल्या कपाटामागे असा जिवंत असतो. घराला मात्र तिसराही मार्ग मोकळा आहे. लांबच्या संगणकाला पंधरा मीटरची लॅन केबल ओढायची. साधी कॅट-फाइव्ह-ई केबल शंभर मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग नेते. तो संगणक हवेतल्या रांगेतून बाहेर पडतो आणि जवळचे, लांबचे, सगळेच सुटतात. जागेवरून न हलणारी यंत्रं, म्हणजे टेबलावरचा संगणक आणि टीव्ही, वायरवर घ्यावीत आणि हवा हातातल्या फोन-टॅबसाठी मोकळी ठेवावी, या तंत्रज्ञांच्या सल्ल्यात शेवटच्याला वर उचललं की सगळ्यांचं बरं होतं हे सर्वोदयी गणित दडलेलं आहे.

तरी भांडण पूर्ण मिटत नाही. एका क्षणी कोणाचं काम आधी, हे उरतंच.

अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस' या २००९ च्या पुस्तकात तीन मुलं आणि एका बासरीचा दाखला दिला आहे. एकीला बासरी वाजवता येते. दुसऱ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. तिसरीनं ती स्वतः मेहनत करून बनवली. बासरी कोणाला? तिघांचंही म्हणणं पटण्याजोगं आहे आणि तिघांनाही तोलून धरील असा एकच तराजू नाही, हा सेन यांचा मुद्दा. डोंबिवलीच्या घरात तिसरीच्या जागी बाबा आहेत: पैसा माझा. पहिलीच्या जागी ताई: त्यातून काहीतरी उभं करणारी मी. दुसऱ्याच्या जागी आजी: गुडघ्यांमुळे तिला वारी नाही, देऊळ नाही, बाहेरच्या जगात जायचा तिचा एकच दरवाजा तो टॅब. दादा आपला मुद्दा मांडायला उठणार नाही. तो लेव्हल संपल्यावर उठेल.

सेन यांनी प्रश्न मोकळा ठेवला. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला तो मोकळा ठेवणं परवडलं नसतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजक-अभियंत्यानं तिथे पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे भूमिहीनालाही तो आहे. आणि ऊस लावायचा नाही.

हे नियम घरात नेले तर रात्रीच्या भांडणाचं निम्मं उत्तर मिळतं. माणशी वाटा, यंत्रापरत्वे नाही. नाहीतर ज्याच्याकडे फोन, लॅपटॉप, टॅब आणि गेमचा डबा आहे तो चार वाटे घेऊन जातो. आणि गर्दीच्या वेळी ऊस नाही. घरातला ऊस कोणता, हे मात्र नीट ओळखायला हवं. बाबांची मॅच दिसायला मोठी, पण ती पंधरा एमबीपीएसला थांबते. गेमची गोळाबारी तर जेमतेम कोथिंबिरीचा वाफा. खरा ऊस म्हणजे शंभर जीबीचा नवा गेम उतरवून घेणं, संगणकाचं अपडेट, आणि आईच्या फोनमधून कोणालाही न सांगता वर चढणारे मुंजीचे फोटो. हे काम मिळेल तेवढं पाणी पितं, आणि पहाटे तीन वाजता केलं तरी कोणाचं अडत नाही.

फोटोंनी ताईचा कॉल कसा अडवला, हे समजून घेण्यासारखं आहे. वर जाणारा रस्ता भरला की राउटर पाकिटं लगेच टाकून देत नाही, तो ती रांगेत साठवतो. रांग जितकी लांब ठेवता येईल तितकं चांगलं, असं यंत्र बनवणाऱ्यांना वाटत होतं. मग ताईच्या आवाजाचं चिमुकलं पाकीट फोटोंच्या शेकडो पाकिटांमागे ताटकळतं. ते हरवत नाही; पोचतं, पण संभाषण पुढे गेल्यावर. अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असलेल्या योजनांत हा त्रास आणखी जाणवतो, म्हणून प्लॅन निवडताना तो दुसरा आकडाही विचारून घ्यावा. जॉन नेगल यांनी १९८५ सालीच लिहून ठेवलं होतं की एकाच रांगेत जो जास्त रेटतो त्यालाच जास्त मिळतं. तेव्हा प्रत्येकाची रांग वेगळी करा आणि फिरत्या क्रमानं एकेक पाकीट घ्या. २०१८ मध्ये दस्तऐवजरूपात प्रसिद्ध झालेली एफक्यू-कोडेल पद्धत त्याच वाटेवरची. तिच्यात थोडंच मागणाऱ्याला आधी वाट मिळते. काही राउटरमध्ये ही सोय 'एसक्यूएम' किंवा 'क्यूओएस' अशा नावाखाली असते, आणि बहुतेक घरांत ती कोणी उघडूनही पाहिलेली नसते.

नियम लावणारा कोणी नसतानाही माणसं हात आखडता घेतील का? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ च्या आपल्या गाजलेल्या लेखात सामायिक कुरणाचं उदाहरण घेऊन याचं उत्तर नकारार्थी दिलं. प्रत्येक जण एकेक जनावर वाढवत जाईल आणि कुरण संपेल. इंटरनेटवर हे एकदा जवळजवळ घडलं. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातल्या, अवघ्या चारशे यार्डांच्या दुव्याचा वेग ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिटवर कोसळला. पाकीट पोचलं नाही की प्रत्येक संगणक घाईघाईनं तेच पुन्हा पाठवत होता, आणि त्या घाईनं कोंडी आणखी घट्ट होत होती. व्हॅन जेकबसन यांनी यावर सुचवलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाकीट हरवलं म्हणजे रस्ता भरलाय असं समजा, आणि आपला वेग लगेच खाली आणा. मग हळूहळू, एकेक पाऊल वाढवत वर या.

हा नियम कोणी पोलिसानं लावलेला नाही. तो प्रत्येक टोकाच्या संगणकानं स्वतःवर घालून घेतलेला आहे. दाह-मिंग च्यू आणि राज जैन यांनी १९८९ मध्ये गणितानं दाखवलं की सगळ्यांनी असं वागलं, म्हणजे वाढताना थोडं-थोडं आणि मागे हटताना पटीत, तर सुरुवातीला कोणाकडे कितीही जास्त असलं तरी वाटे सारखेपणाकडे सरकत जातात. कारण मागे हटताना ज्याच्याकडे जास्त आहे तोच जास्त सोडतो. परिग्रह-परिमाणाची ही जणू यांत्रिक आवृत्ती. शोधणाऱ्यातल्या एकाचं आडनाव जैन असावं, हा निव्वळ योगायोग.

यंत्राचा संयम आणि माणसाचा संयम एक नव्हे, हे खरं. संगणकाला मोह नाही, म्हणून त्याच्या संयमाला पुण्यही नाही. पण हार्डिन यांचं उत्तर अपुरं होतं, एवढं यातून दिसतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली सामायिक कुरणं, पाट आणि मासेमारीची क्षेत्रं अभ्यासून हेच दाखवलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसं वाटून घेऊ शकतात. मात्र वाटेकरी कोण हे स्पष्ट असलं पाहिजे आणि नियम वापरणाऱ्यांनी मिळून केलेले असले पाहिजेत.

वाटेकरी कोण, हा प्रश्न मिताक्षरेला अवघड जातो. विहिरीची पाळी ठरवताना शास्त्र जितकं समजूतदार वाटतं, तितकंच त्या पाळीत कोणाला धरायचं हे ठरवताना ते आखडतं. मनूच्या ज्या यादीत पाणी आहे त्याच यादीत, पाण्याला लागूनच, स्त्रियाही आहेत. टीकाकारांनी तिथे दासी असा अर्थ घेतला. म्हणजे काहींना पाळी, आणि काही जणी स्वतःच वस्तूंमध्ये मोजलेल्या. मुलीला जन्मानं वाटा मिळायला महाराष्ट्रात १९९४ साल उजाडावं लागलं, देशभरात २००५. विहिरीच्या काठाबाहेर उभ्या ठेवलेल्या माणसांसाठी जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या पाण्याची आणि वाय-फायची तुलना करणं म्हणजे त्या ओंजळीचा अपमान आहे. पण पाळीचा कोणताही नियम वाचताना आधी काठावर कोण उभं आहे ते पाहावं, ही नजर महाराष्ट्राला तिथून मिळाली.

डोंबिवलीच्या घराला त्या नजरेची गरज २०२० च्या जूनमध्ये पडली असेल. करोनामुळे शाळा बंद. घरकामाला येणाऱ्या मावशी दारात थांबून विचारतात, "ताई, पोरीच्या तासापुरता तुमच्या वाय-फायचा नंबर द्याल का?" २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शहरांतल्या ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, गावांत जेमतेम १५ टक्के. संगणक तर शहरांतही चारातल्या एकाच घरी. मावशींची विनंती या आकड्यांतूनच आलेली असते.

हो म्हणावं, असं मन सांगतं. वेगाचं एक वैशिष्ट्यही त्या बाजूनं आहे. विहिरीत न उपसलेलं पाणी उद्यासाठी राहतं. न वापरलेला वेग त्याच सेकंदाला विरून जातो. सकाळी दहा वाजता घर शांत असताना शंभरातले नव्वद एमबीपीएस कोणाच्याच कामी येत नसतात. ते दिल्यानं देणाऱ्याचं काय गेलं?

जातं ते वेगळंच. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग काढत तपास नवी मुंबईतल्या सानपाड्यात पोचला, एका अमेरिकी रहिवाशाच्या घरच्या वाय-फायवर. त्या माणसाचा कटाशी संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय असुरक्षित होतं, इतकंच. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, ही कर्त्याच्या व्यवस्थेची दुसरी बाजू. आत कोणीही काही केलं तरी नाव दाराचं लागतं. दूरसंचार विभागानं २००९ मध्ये वाय-फायला कुलूप घालण्याच्या सूचना काढल्या त्या अशा घटनांनंतर. शिवाय जोडणी घराबाहेर वाटू नये अशी अट कंपन्यांच्या करारात अनेकदा असते. परवानगीशिवाय शेजारच्याचं नेट वापरणं हा अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा, भंग खराच; पण मालकानं दिलं तरी ते देण्याचा अधिकार त्याला किती आहे, हे त्या करारावर ठरतं.

दार सताड उघडं आणि दार बंद यांच्यामध्ये घराला उंबरठा असतो. राउटरमध्ये त्याला 'गेस्ट नेटवर्क' म्हणतात. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. पाहुण्याला बाहेरचं जग दिसतं, घरातले संगणक आणि त्यांतली कागदपत्रं दिसत नाहीत. बऱ्याच राउटरवर त्याचा वेग आणि वेळही बांधता येते. करार आड येत असेल तर मुलीला घरातच, जेवणाच्या टेबलाशी बसवायचं. मग ती वाटणी घराबाहेरची उरत नाही, आणि पाहुणी कोण हे माहीत असल्यानं जबाबदारीही अंधारात उरत नाही. पासवर्ड कागदावर लिहून देण्यापेक्षा खुर्ची ओढून देणं जास्त खर्चाचं असतं, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा पाच माणसांच्या घरानं मोठ्या प्लॅनसाठी फोन फिरवण्याआधी एक संध्याकाळ राउटर मधोमध ठेवून त्याच्याभोवती बसावं. तो माळ्यावर किंवा लोखंडी कपाटामागे असेल तर आधी खाली काढावा. टीव्हीला आणि टेबलावरच्या संगणकाला वायर जोडावी, फोटो आणि अपडेट रात्री दोननंतर लावावेत, क्यूओएस चालू करून पाहावं, डब्यावर छापलेला पासवर्ड बदलावा. गेस्ट नेटवर्क कोणासाठी उघडायचं, हे बिल भरणाऱ्यानं एकट्यानं ठरवू नये. आणि त्या बैठकीत पहिल्यांदा आजीला विचारावं, कारण दर्शन कधी थांबतं हे तिनं आजवर कोणाला सांगितलेलं नाही.